‘मु. पो.’ कधीपासून? गावच्या पोस्टाचा इतिहास लावण्याची रीत

गावकऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गातल्या एका बाजारगावात पोस्टाच्या इमारतीवर १९२६ सालाची पाटी आहे. त्या हिशेबाने शताब्दी साजरी करायची, टपालखात्याकडून विशेष पाकीट (प्रसंगासाठी काढलेलं स्मरणाचं पाकीट) काढून घ्यायचं, छोटी पुस्तिका छापायची, असं गावाने ठरवलं. तेवढ्यात एका घराच्या माळ्यावर १९०९ चं कार्ड निघालं आणि त्यावर याच गावाच्या नावाचा शिक्का आहे. आता पाटी खोटी मानायची की कार्ड?

बहुधा दोन्ही खरी आहेत. गोंधळ होतो तो ‘पोस्ट सुरू झालं’ या तीन शब्दांमुळे. खेड्यातलं पोस्ट एका दिवशी नारळ फोडून सुरू झालं आणि तिथून आजवर तसंच चालू आहे, असं सहसा घडत नाही. आधी शेजारच्या गावचा पोस्टमन आठवड्यातून ठराविक दिवशी फेरी मारतो. मग एक पत्रपेटी लागते. मग शाळामास्तरांकडे शाखा डाकघर येतं. उत्पन्न पडलं नाही तर ते बंदही होतं आणि काही वर्षांनी पुन्हा उघडतं. पुढे त्याचं उपडाकघर होतं, तारेची सोय येते, इमारत बदलते. पाटीवर यांपैकी कोणत्या घटनेचं साल घातलंय हे पाटी सांगत नाही. इमारतीवरचं साल बहुतेक वेळा इमारतीचंच असतं, आणि बऱ्याचदा ती इमारत आधी कुणाचं तरी घर किंवा दुकान असते. तेव्हा एक तारीख शोधू नका, या पायऱ्यांची माळ लावा. शताब्दी कशाची करायची ते त्यानंतर ठरवा.

सगळ्यात स्वस्त पुरावा गावातच पडलेला असतो: पत्ता लिहिण्याची आपली पद्धत. मराठी पत्त्यात ‘मु.’ आणि ‘पो.’ ही दोन अक्षरं उगाच नाहीत. मुक्काम म्हणजे माणूस राहतो ते गाव, पोस्ट म्हणजे त्या गावाची टपाल जिथून वाटली जाते ते ठिकाण. गावात पोस्ट नसेल तर ‘मु. अमुक, पो. तमुक’ असं लिहिलं जातं. पोस्ट आलं की दोन्ही जोडून ‘मु. पो. अमुक’ होतं. म्हणून जुन्या लग्नपत्रिका, देवस्थानाच्या पावत्या, वकिलाच्या नोटिसा, मुंबईच्या गावकरी मंडळाच्या वर्गणीच्या याद्या, शाळेचे दाखले असं जे जे सापडेल ते सालवार लावा. ज्या वर्षांच्या मध्ये ‘पो.’चं गाव बदलतं, तिथे पोस्ट उघडलं किंवा बंद झालं. हा पुरावा ढोबळ आहे, कारण लोक सवयीने जुना पत्ता पाच-दहा वर्षं लिहीत राहतात. पण शोध कोणत्या दशकात घ्यायचा ते यातून नक्की कळतं.

दशक कळलं की जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका काढा. १९६१, १९७१ आणि १९८१ च्या पुस्तिकांत गाववार सोयींची यादी आहे. शाळा, दवाखाना, पिण्याचं पाणी यांच्याबरोबर टपाल-तारेचा रकाना असतो आणि त्यात पोस्ट आहे की पोस्ट व तार दोन्ही आहे ते अक्षरांच्या खुणेने दिलेलं असतं. एक चूक इथे हमखास होते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचं सगळं रत्नागिरीच्या पुस्तिकांत शोधायचं. १९४८ पूर्वी सावंतवाडी संस्थान होतं. म्हणजे तुमचं गाव संस्थानी हद्दीत होतं की मालवण, वेंगुर्ले, देवगड यांसारख्या इंग्रजी तालुक्यात, हे आधी ठरवल्याशिवाय जुने कागद उघडण्यात अर्थ नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड १८८० चा आहे. त्यात टपालाचा भाग वेगळा आहे. त्या यादीत गावाचं नाव नसेल तर निदान तेव्हा तिथे पोस्ट नव्हतं एवढं पक्कं झालं.

दक्षिण कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी एक सूचना. हीच रीत मराठवाड्यात जशीच्या तशी चालणार नाही. तिथे निजामाचं स्वतःचं टपालखातं होतं, स्वतःची तिकिटं होती, आणि ते १ एप्रिल १९५० ला भारतीय टपालखात्यात विलीन झालं. शिवाय छावण्यांच्या गावी इंग्रजी पोस्टही असे. त्यामुळे ‘पहिलं पोस्ट’ विचारल्यावर ‘कोणत्या सरकारचं?’ हा उलटा प्रश्न येतो. विदर्भाचे कागद मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या दप्तरात, गोव्याचे डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज टपालात. भोर संस्थानाने तर १८७९ मध्ये स्वतःची तिकिटं छापली होती.

आता शिक्का. खरा इतिहास इथेच आहे आणि चुकाही सगळ्यात जास्त इथेच होतात.

१ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध हिंदुस्थानात अंतर न पाहता वजनावर टपालहशील सुरू झालं. हलक्या पत्राला अर्धा आणा. त्याआधी जितकं लांब तितके जास्त पैसे, आणि तेही पुष्कळदा पत्र घेणाऱ्याकडून. तिकिटं आली तशी ती रद्द करण्याचे शिक्के आले, पण सुरुवातीच्या दशकांतल्या अनेक शिक्क्यांत गावाचं नाव नसून क्रमांक असतो. असा नुसत्या आकड्याचा शिक्का दिसला तर ‘वाचता येत नाही’ म्हणून पाकीट बाजूला टाकू नका. तो कोणत्या पोस्टाचा आकडा हे टपालसंग्राहकांच्या प्रकाशित याद्यांवरून लावता येतं.

दुसरा प्रकार तुमच्या कामाचा आहे: प्रायोगिक पोस्टाचा शिक्का. नवं पोस्ट चालतं का हे पाहण्यासाठी काही काळ तात्पुरतं उघडत आणि त्याला गावाच्या नावाचा शिक्का न देता इंग्रजीत ‘एक्सपेरिमेंटल पी. ओ.’ आणि खाली एक अक्षर व क्रमांक असा शिक्का देत. पोस्ट कायम झालं की नावाचा शिक्का येई आणि तो क्रमांकाचा शिक्का दुसऱ्या गावी पाठवला जाई. म्हणजे एकाच क्रमांकाखाली वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी गावं असू शकतात. पत्राचा मजकूर आणि पुढच्या ठिकाणांचे शिक्के पाहिल्याशिवाय तो क्रमांक आपल्या गावाचा असं म्हणू नका. उलट, तुमच्याकडचं १९०९ चं कार्ड नावाच्या शिक्क्याचं आहे. त्याचा अर्थ पोस्ट कधी प्रायोगिक नव्हतंच, किंवा तो टप्पा आधीच होऊन गेला होता. म्हणजे १९०९ हीच सुरुवात असेल असं नाही. सुरुवात त्याच्याही आधी असू शकते.

पण ते साल १९०९ च आहे ना, हे आधी तपासा. शिक्क्यातली तारीख सुट्या खिळ्यांची असते: दिवस, महिना, वर्ष असे वेगवेगळे तुकडे खाचेत बसवायचे. खेड्यात हे काम उजेड कमी असताना घाईत होई. उलटा बसलेला महिना, गाळलेलं वर्ष, सहाच्या जागी नऊ हे सगळं सापडतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या शिक्क्यात मागचं वर्ष तसंच राहिलेलं असणं ही तर नेहमीची गोष्ट. म्हणून एका शिक्क्यावर तारीख कधीही टांगू नका. निदान दोन गोष्टींची साक्ष घ्या.

पहिली साक्ष कार्डाचीच. आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला पाव आण्यात सुरू झालं. राणी व्हिक्टोरियाचा छाप असेल तर साधारण १९०२ पर्यंत, एडवर्डचा असेल तर त्यापुढचं दशक, पंचम जॉर्जचा असेल तर १९११ नंतर. एप्रिल १९२२ मध्ये कार्ड अर्ध्या आण्याचं झालं. पाव आण्याच्या छापील कार्डावर आणखी पाव आण्याचं तिकीट चिकटवलेलं दिसलं की ते १९२२ नंतरचं. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आणि त्या दिवसापासून कार्ड ५ नव्या पैशांचं. लक्षात ठेवा, घरात पडलेलं जुनं कार्ड उशिरा वापरणारे लोक असतात, पण अजून छापलंच न गेलेलं कार्ड कुणी आधी वापरू शकत नाही. म्हणून कार्डाचा छाप ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगतो.

दुसरी साक्ष मजकुराची. जुन्या पत्रात मिती आणि शके असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. ‘कार्तिक शके १८३१’ असेल तर १९०९ बरोबर. ‘माघ शके १८३१’ असेल तर १९१०. पत्र मोडीत असेल तर अख्खं वाचता आलं नाही तरी चालेल. मायन्याजवळचा मितीचा भाग मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या.

शिक्का कुठे बसलाय तेही पाहा. छापील तिकिटावर गावाचा शिक्का असेल तर कार्ड या गावी टाकलं गेलं. मोकळ्या जागेत असेल तर कार्ड इथे येऊन पोचलं आणि तो वाटपाचा शिक्का आहे. दोन्हींमुळे गावात त्या दिवशी शिक्का असलेलं पोस्ट होतं हे सिद्ध होतं, पण वाटपाचा शिक्का अधिक बोलका. कारण त्या कार्डावर मधल्या ठिकाणांचे शिक्केही असतात आणि त्यांतून रस्ता उभा राहतो. मुंबईचा शिक्का, मग रेल्वेच्या टपालगाडीचा अक्षर-आकड्यांचा, मग तालुक्याच्या उपडाकघराचा आणि शेवटी तुमचा. तारखा ओळीने लिहा. मुंबईहून कोकणातल्या खेड्यात कार्ड किती दिवसांनी येई हे गॅझेटियर सांगणार नाही. तुमचं कार्ड सांगेल.

शिक्क्याच्या खालच्या कडेला पुष्कळदा दुसरं नाव असतं, वरच्या पोस्टाचं किंवा जिल्ह्याचं. शाखा डाकघराला स्वतःचा स्वतंत्र हिशेब नसतो. ते एका उपडाकघराशी बांधलेलं असतं आणि त्या उपडाकघराला लेखा कार्यालय म्हणतात. शाखा, उपडाकघर, प्रधान डाकघर अशी उतरंड आहे. खालचं नाव बदललं की गावाचं लेखा कार्यालय बदललं असण्याची शक्यता, आणि ते सहसा रस्ता बदलला म्हणून बदलतं. नावाच्या स्पेलिंगवर मात्र फार जाऊ नका. वेंगुर्ल्याचं ‘विंगोर्ला’, रत्नागिरीचं ‘रत्नाघेरी’, चिपळूणचं दोन ‘ओ’ घालून, असे इंग्रजांचे कान होते. स्पेलिंग बदलणं म्हणजे पोस्ट बदलणं नव्हे. एकाच नावाची गावं हा त्याहून वाईट फसवा प्रकार. नांदगाव नाशिकलाही आहे, मुरुडजवळही आणि कणकवली तालुक्यातही. शिरगाव देवगडातही आहे आणि रत्नागिरीजवळही. लिलावात ‘आमच्या गावचा शिक्का’ म्हणून चढ्या भावाने पाकीट घेण्याआधी खालची कड वाचा.

रस्त्याचा भाग कोकणात विशेष महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक गावपुस्तिकांत तो एका वाक्यात उरकलेला असतो. इथे टपाल वर्षातून दोनदा दिशा बदलत असे. उघडीपीत मुंबईहून आगबोटीने रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत ती उतरे आणि बंदरातून रनर (पायी टपाल नेणारे हरकारे) आत नेत. पावसाळ्यात बोटी बंद, मग सगळा भार घाटवाटांवर. वेंगुर्ले हे बेळगावचं बंदर होतं, त्यामुळे वेंगुर्ले-सावंतवाडी-आंबोली-बेळगाव हा रस्ता नुसता मालाचा नव्हता, टपालाचाही होता. १८८० च्या दशकात रेल्वे बेळगावला पोचली, १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर मार्ग सुरू झाला आणि कोकणाची टपाल हळूहळू समुद्राकडे पाठ करून घाटावरच्या स्थानकांकडे वळली. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडला. मधली शंभर वर्षं घाटाचीच.

याची खूण आजच्या पिनकोडातही आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर (संस्कृत कवी म्हणूनही ते ठाऊक आहेत) यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. पहिले तीन आकडे टपाल कुठे निवडली जाते तो विभाग सांगतात, शेवटचे तीन वाटपाचं पोस्ट. सिंधुदुर्गाचे पिन ४१६ ने सुरू होतात: सावंतवाडी ४१६५१०, वेंगुर्ले ४१६५१६, मालवण ४१६६०६. कोल्हापूर शहराचाही ४१६. रत्नागिरीचा ४१५, आणि साताऱ्याचाही ४१५. समुद्रकाठचे दोन जिल्हे घाटावरच्या दोन जिल्ह्यांना बांधले गेले आहेत. माझ्या मते कोकणी टपालाच्या इतिहासावरचं हे सगळ्यात छोटं आणि नेमकं टिपण आहे. शाखा डाकघराला सहसा स्वतःचा पिन नसतो, लेखा कार्यालयाचाच चालतो. त्यामुळे १९७२ नंतरच्या कागदांवर तुमच्या गावाचा पिन बदललेला दिसला तर लेखा कार्यालय बदललं किंवा गावच्या पोस्टाचं उपडाकघर झालं.

रनरबद्दल लिहिताना घुंगरांची काठी आणि वाघ यांच्यावर सगळी शाई संपवू नका. काठी होती, घुंगरंही होती. पण वाचकाला कळायला हवं ते हे, की रनर सबंध वाट चालत नसे. वाट टप्प्यांत वाटलेली असे, टप्प्याच्या टोकाला थैली दुसऱ्याच्या खांद्यावर जाई आणि तो उलट दिशेची थैली घेऊन परत फिरे. थैलीच्या तोंडाला लाखेची मोहोर, ती फुटलेली असेल तर घेणाऱ्याने तिथेच नोंद करायची. ओढ्याला पाणी चढलं की थैली अडे आणि पुढच्या प्रत्येक पोस्टाचा हिशेब एक दिवस लांबे. एस.टी. सुरू झाली (पहिली गाडी १ जून १९४८, पुणे-नगर) आणि जसजसे रस्ते गावात पोचले तसतशा थैल्या गाडीच्या टपावर चढल्या. तुमच्या गावात मुक्कामी गाडी कोणत्या साली आली हे ज्येष्ठांना पक्कं आठवतं. ‘पोस्ट कधी आलं’ हे आठवत नाही. प्रश्न त्या बेताने विचारा.

कागदी दप्तराच्या दिवसांत पोस्टाच्या आतलं काम कसं चालायचं हे माहीत असेल तरच कागद मागता येतात. सकाळी लेखा कार्यालयाकडून शाखेची थैली येते. तिच्यात शाखा-चिठ्ठी असते: पाठवलेली रोकड, तिकिटं, रजिस्टरं, मनीऑर्डरी यांची यादी. शाखा डाकपाल मोहोर पाहतो, यादी ताडतो, रोजकीर्दीत चढवतो. पत्रं वाटपाला जातात. दुपारी उलट प्रवास: दिवसाचा हिशेब, दिलेल्या मनीऑर्डरींच्या सह्या-अंगठ्यांचे कागद, बचत खात्यात जमा झालेली रक्कम, जास्तीची रोकड. हे सगळं थैलीत घालून मोहोर लावायची. शाखेत किती रोकड ठेवायची याची कमाल-किमान मर्यादा ठरलेली असते. अडचण नेमकी तिथे होते. गणपतीच्या आधी मुंबईहून मनीऑर्डरींचा गठ्ठा यायचा, शाखेतली रोकड पुरायची नाही, मग वरून पैसे मागवायचे आणि ते येईपर्यंत माणसं खेपा घालायची. मनीऑर्डरीचं काम टपालखात्याकडे १८८० मध्ये आलं, बचत बँक १८८२ मध्ये. गिरणगावातल्या माणसाचा पगार गावी पोचवणारी ही नळी होती. कोकणातल्या पोस्टाचा इतिहास मनीऑर्डर वगळून लिहिला तर तो इमारतींचा इतिहास होतो. १९८२ च्या गिरणी संपाच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांतल्या मनीऑर्डरींच्या पावत्या घराघरांतून गोळा करून शेजारी ठेवा. कुपनावर लिहिलेला चार ओळींचा मजकूर हाच पुष्कळ घरांत शिल्लक राहिलेला एकमेव पत्रव्यवहार असतो.

सांभाळलेली वही म्हणाल तर शाखेत त्रुटीवही, हुकूमवही, शिक्क्यांचे रोजचे ठसे घ्यायची वही आणि खेडेगावच्या पोस्टमनची भेटवही असे. भेटवही मजेशीर आहे: पोस्टमन खरोखर वाडीवर गेला होता याची खूण म्हणून त्या वाडीतल्या मास्तरांची किंवा पाटलाची सही तीत घ्यायची. पण बहुतेक रोजचं दप्तर ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करण्याचा नियम आहे, आणि तो पाळलाही जातो. त्यामुळे शाखेत शंभर वर्षांचं दप्तर मिळेल ही आशा धरू नका. जे काही शिल्लक असेल ते घरी न्यायला किंवा फोटो काढायला शाखा डाकपालाला परवानगी देता येत नाही. त्याच्यावर गावकीचं दडपण आणून त्याची नोकरी धोक्यात घालू नका. उपविभागीय निरीक्षकांना लेखी अर्ज द्या.

खात्याकडची माहिती माहितीच्या अधिकारात मागायची ती विभागाच्या डाकघर अधीक्षकांच्या कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डरने चालते; उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज फसतात ते शब्दांमुळे. ‘आमच्या पोस्टाचा इतिहास द्यावा’ असं लिहिलं की ‘अशी माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि कायद्याने ते बरोबरही असतं. कागद मागा: शाखा उघडण्याच्या मंजुरीच्या आदेशाची प्रत, दर्जा वाढवल्याच्या आदेशाची प्रत, लेखा कार्यालय बदलल्याच्या आदेशाची प्रत, उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या तपासणी अहवालाची प्रत. शेवटचा मुद्दा सहसा लोक मागत नाहीत आणि तोच सर्वांत कामाचा ठरतो, कारण दरवर्षीच्या तपासणीत पोस्टाची पार्श्वभूमी, गावं, अंतरं, उत्पन्न यांची नोंद उतरवलेली असते. खातेदारांची नावं-रकमा मागू नका. मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत.

शाळेचं दप्तर मात्र विसरू नका. शाळामास्तरच पोस्टमास्तर असत, तेव्हा त्यांची बदली झाली की पोस्टाचा चार्ज द्यावा लागे. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत शेरेबुक आणि आवकजावक वही असेल तर तपासनीस साहेबांचा ‘मास्तर पोस्टाच्या कामात गुंतलेले आढळले’ अशा थाटाचा शेरा मिळण्याची बरीच शक्यता. पोस्टाच्या शोधात पोस्टाबाहेरचा कागद अनेकदा अधिक टिकलेला असतो. घराघरांतली बचत खात्याची जुनी पुस्तकं, रेडिओच्या परवान्याची पुस्तकं (दरवर्षी पोस्टात पैसे भरून शिक्का घ्यायचा), रजिस्टरच्या पावत्या, पहिल्या महायुद्धात लढायला गेलेल्याचं फील्ड पोस्टाचं (लष्करी टपालाचं) कार्ड या सगळ्यांवर तारीख आणि पोस्टाचं नाव एकत्र असतं.

शाखा चालवणाऱ्या माणसाचा दर्जाही काळाप्रमाणे बदलत गेलाय. पूर्वी मास्तर किंवा दुकानदार, महिन्याचा भत्ता घेऊन. मग ‘खातेबाह्य’ कर्मचारी, २००१ पासून ग्रामीण डाक सेवक. दिवसाचे चार-पाच तास काम, आणि जागा त्याची त्यानेच पुरवायची. खेड्यातलं पोस्ट इतक्या वेळा जागा का बदलतं याचं उत्तर यात आहे: डाकपाल बदलला की पोस्ट त्याच्या ओटीवर जातं. गावात ‘जुनं पोस्ट’ म्हणून दोन-तीन घरं दाखवली जातात ती सगळी खरी असतात. नकाशावर त्या सगळ्या जागा क्रमाने टाका. नवी शाखा उघडायचे निकषही ठाऊक असू द्या: साधारण भागात गावगटाची लोकसंख्या ३,०००, जवळचं पोस्ट निदान ३ किलोमीटरवर आणि खर्चाच्या किमान ३३.३३ टक्के उत्पन्न. डोंगराळ-आदिवासी भागात लोकसंख्या ५०० आणि उत्पन्न १५ टक्के. शेजारच्या गावाला पोस्ट का मिळालं आणि तुमच्या वाडीला का नाही, या जुन्या भांडणाचं कोरडं उत्तर अलीकडच्या काळापुरतं तरी यात सापडतं.

कागद हाताळण्याबद्दल दोन शब्द, कारण नुकसान इथे होतं. पाकिटावरचं तिकीट कापू किंवा भिजवून काढू नका. तिकीट दहा रुपयांचं असतं, तारीख-शिक्का-पत्ता यांसह अख्खं पाकीट हा पुरावा असतो. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको. दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करा, शेजारी मोजपट्टी ठेवून. पुसट शिक्का वाचायचा असेल तर बाजूने तिरका उजेड टाका. लाल-तपकिरी तिकिटावर काळा शिक्का असेल तर स्कॅनचा फक्त लाल चॅनल पाहा. तिकिटाचा रंग फिका होतो आणि काळी अक्षरं वर येतात. एकाच शिक्क्याचे चार अर्धवट ठसे मिळाले तर पारदर्शक कागदावर एकमेकांवर ठेवून पूर्ण शिक्का रेखाटा. खेड्यातला पूर्ण, स्वच्छ ठसा मिळणं दुर्मीळ, बहुतेक वेळा असाच तो जमवावा लागतो. प्रत्येक कागदाला क्रमांक द्या, पेन्सिलीने, आणि तो कोणत्या घरातून आला ते लिहा. घरच्यांना मजकूर छापायला चालेल का तेही आधी विचारा. जुन्या पत्रांत कर्ज, भाऊबंदकी आणि आजारपण असतं.

आता तुमच्या १९२६ कडे. दर्जा वाढल्याचा आदेश किंवा १९२६ च्या आगेमागचे दोन-तीन शिक्के मिळाले आणि त्यांत शाखेचं उपडाकघर झालेलं दिसलं, तर पाटी दर्जावाढीची आहे. शिक्क्यात काहीच बदल नसेल तर ती इमारतीची. इथेही एक खाच आहे: दर्जा वाढला तरी नवा शिक्का येईपर्यंत जुनाच वापरात राहतो, तेव्हा १९२७ चा शिक्का ‘शाखा’ म्हणतोय म्हणून घाईने निकाल देऊ नका. १९०९ ते १९२६ च्या मधला एकही कागद नसेल तर मधे पोस्ट बंद होतं का, हा प्रश्न उघडा ठेवावा लागेल. त्या मधल्या काळातली एक जरी लग्नपत्रिका ‘मु. पो.’ची निघाली तरी तो बराच सुटेल, म्हणून आधी ती शोधा.

विशेष पाकिटाला टपालखात्याच्या राज्य परिमंडळाच्या मुख्य पोस्टमास्तर जनरलांच्या कार्यालयाची मंजुरी लागते. प्रस्ताव विभागीय अधीक्षकांमार्फत जातो आणि त्यासोबत सालाचा पुरावा जोडावा लागतो. पुरावा १९२६ च्या इमारतीचा असेल तर पाकिटावर ‘डाकघर इमारत, १९२६’ असं छापा. ‘स्थापना १९२६’ छापू नका, कारण तुमच्याच गावचं १९०९ चं कार्ड उद्या कुणीतरी त्याच्या शेजारी ठेवील. पुस्तिकेत ‘१९०९ किंवा त्यापूर्वीपासून’ असं लिहा आणि कार्डाच्या दोन्ही बाजू पूर्ण आकारात छापा.